सड्यावर एकट्यानं: कोकणातली दुर्मीळ झाडं बघायला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

"खंय चल्लंस गो एकटीच?"

"फुलां बघूक."

"सड्यार खंयची फुलां? थंय गवत आसा."

वाडीच्या शेवटच्या घरातल्या आजींनी मला हे ऐकवलं त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचं चुकलं नव्हतं. जुलैतला सडा उभ्यानं बघितला तर गवतच दिसतं. मीही पहिले दोन पावसाळे उभ्यानंच बघत होते. चालायचं, फोटो काढायचे, पुढच्या सड्यावर जायचं. घरी येऊन बघावं तर पंचवीस फोटोंतली वीस फुलं तीच. त्यामुळे आता कुणी विचारलं की एवढंच सांगते: एकटे जा, थोडंच चाला आणि बसा. बाकीचा लेख म्हणजे हे बसणं नीट कसं जमवायचं, त्याचा तपशील.

सडा म्हणजे काय हे मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांसाठी आधी सांगते. घाट आणि समुद्र यांच्या मधल्या टेकड्यांचे माथे कोकणात बरेचदा सपाट असतात आणि त्यांच्यावर जांभ्याचं कवच असतं. घराचे चिरे काढतात तोच हा दगड. उष्णता आणि पाऊस यांनी हजारो-लाखो वर्षं खडकातली सिलिका धुऊन नेली, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिलं, ते उन्हात घट्ट झालं. त्यावर माती असलीच तर बोटभर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कातळ तव्यासारखा तापतो. म्हणजे इथल्या झाडाला आधी बुडायचं असतं आणि मग भाजायचं असतं. मातीत नत्रही नावालाच. असल्या जागी जे टिकतं ते विचित्रच असणार, आणि बहुतेक वेळा बोटाएवढं.

कधी जायचं

"पावसाळ्यात" हे उत्तर पुरेसं नाही. सडा दर पंधरा-वीस दिवसांनी कपडे बदलतो.

पहिल्या दोन-चार सरी झाल्या की कातळावरचं काळपट, मेलेलं वाटणारं गवत एका दिवसात हिरवं होतं. हे नवं उगवलेलं नसतं. ट्रायपोगॉन नावाचं हे गवत उन्हाळाभर पूर्ण वाळून बसतं आणि पाणी मिळताच तीच पानं पुन्हा जिवंत होतात. त्याच सुमारास कंदवाले बाहेर पडतात: पिवळ्या चांदणीची काळी मुसळी, पांढरी कुलई. जून-जुलैत कोकण दीपकाडी. पानं कांद्याच्या पातीच्या जातीची, दांड्यावर पांढरी फुलं. कोकण आणि लगतचा पट्टा सोडला तर ही जगात कुठे नाही. शास्त्रीय नावातच 'कोकणची' आहे. तुम्हाला एकच खेप जमणार असेल आणि दुर्मीळ म्हणावं असंच काही बघायचं असेल, तर जूनचा शेवट ते जुलैचा मध्य धरा.

जुलैअखेरीस हबेनारिया म्हणजे जमिनीवरची पांढरी ऑर्किडं दिसू लागतात. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत गर्दीचे दिवस: सीतेची आसवं, गेंद, तेरडा, पिवळा कवला. फोटोत 'जांभळी चादर' दिसते ती तेव्हाची. ऑक्टोबरच्या उन्हात आठवडाभरात सगळं पिवळं पडतं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, सड्याचा फार तर आठवडा.

दिवसातली वेळ सकाळचीच. केना आणि त्याच्या नात्यातली निळी-जांभळी फुलं दुपारपर्यंत मिटून जातात, मग तुम्ही त्यांच्यावर पाय देऊन पुढे जाता.

कुठे जायचं

माझ्या सड्याचं नाव मी सांगणार नाही आणि तुम्हीही तुमच्या सड्याचं सांगू नका. का, ते पुढे येईलच. नवख्यांनी मात्र कातळशिल्पांच्या सड्यापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. रत्नागिरीजवळचं उक्षी, राजापूर तालुक्यातली कशेळी, बारसू आणि देवाचे गोठणे, मालवण तालुक्यातलं कुडोपी. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून गावांना बाहेरच्या माणसांची सवय आहे. रस्ता विचारला तर कुणी संशयानं बघत नाही. शिल्पातला हत्ती बघून झाला की पाच-पन्नास पावलं बाजूला व्हायचं, झाडं तिथेच आहेत. शिल्पाच्या रेषांवर पाय द्यायचा नाही, बसायचं तर मुळीच नाही.

देवाचे गोठण्याला जाणार असाल तर एक गंमत: तिथल्या मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई भलतीकडे फिरते. जांभ्यातल्या लोहाचा हा प्रताप. म्हणून सड्यावर दिशेसाठी होकायंत्रावर विसंबू नये. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि डोळ्यांनी एखादी खूण धरावी, मंदिराचा कळस, मोबाईलचा टॉवर, एकटं वडाचं झाड. धुकं आलं की यातलं काहीच दिसत नाही, तेव्हा जिथे आहात तिथेच बसा. मी एकदा बसले नाही. धुक्यात अर्धा तास चालले आणि थांबले ती चिरेखाणीच्या काठावर. या खाणी सरळसोट कापलेल्या असतात, दोन-तीन पुरुष खोल, आणि पावसाळ्यात गढूळ पाण्यानं भरलेल्या. कडेला गवत वाढलेलं, कठडा नाही, आत पडलं तर वर यायला पायरी नाही. सड्यावर मला सापांपेक्षा यांची जास्त भीती वाटते. जवळच खाण आहे का, हे गावात पहिल्यांदा विचारा.

पोचण्याबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तिकीट काढताना बघून घ्या. राजापूर रोड स्टेशन राजापूर शहरापासून चांगलंच लांब आहे, ही चूक नवखे हमखास करतात. तालुक्याच्या गावी आदल्या रात्री राहावं आणि सकाळची पहिली एसटी धरावी. उतरताना कंडक्टरला परतीची गाडी विचारावी, आणि तीच गोष्ट वाडीतल्या दुकानातही विचारावी. दोन उत्तरं वेगळी आली तर दुकानदाराचं खरं मानावं.

पिशवीत काय

दहापट मोठं दाखवणारं भिंग. हे नसेल तर खेप वाया गेली असं समजा. गळ्यात दोरीला अडकवलेलं असावं. चार मीटर सुतळी, टोकं बांधून तिचं वेटोळं करून. गुडघ्याखाली घ्यायला जुन्या चटईचा तुकडा किंवा दुहेरी घडी घातलेलं गोणपाट, कारण ओला जांभा खरखरीत असतो, दहा मिनिटांत गुडघे सोलतो. वही आणि पेन्सिल. पेनाची शाई पावसात पसरते. फोनला प्लॅस्टिकची पिशवी. रेनकोट हवाच, छत्री वाऱ्यात उलटी होते. पायात घोटे झाकणारे बूट. चपला नकोत, कारण फुरसं.

फुरसं हा सड्यावरचा रहिवासी आहे. वीतभर-हातभर लांबीचं, मातकट रंगाचं, दगडाखाली आणि गवताच्या बुडख्यात बसतं आणि भयंकर विषारी असतं. म्हणून नियम एकच: दगड उचलून बघायचा नाही, न दिसणाऱ्या जागी हात घालायचा नाही. दगडाखाली विंचूही असतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामानंतर लाल विंचवाच्या दंशानं होणारे मृत्यू खूप घटले, पण उपचारासाठी दवाखान्यात पोचावं लागतंच. काही चावलं तर चिरा देणं, दोरी आवळणं, मंत्र, यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन लावायचा, चावलेला भाग हलवायचा नाही, वाडीकडे हाक मारायची. फोनला रेंज आहे की नाही हे सड्यावर चढल्या चढल्या बघून ठेवा. नसेल तर जिथे शेवटची रेंज होती ती जागा लक्षात ठेवा.

आणि विजा. मोकळ्या सड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडायला लागलं की सामान आवरून खाली उतरा. एकट्या झाडाखाली उभं राहू नका.

गावातून जाताना

एकटं जायचं म्हणजे गुपचूप जायचं असं नाही. सडा मोकळा दिसला तरी मालकीचा असतो, कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो. शेवटच्या घरापाशी थांबायचं, कुठे चाललो, किती वाजता परत येणार हे सांगायचं. बाईमाणसानं तर नक्कीच. मला लोक विचारतात, एकट्या बाईनं जावं का? मी जाते. पण घरी एकाला जागा आणि परतीची वेळ कळवलेली असते, वाडीत एका घराला माहीत असतं आणि तीन वाजता मी खाली असते. ज्या सड्यावर पोचल्यावर मन घेत नाही, तिथून मी काहीही कारण न शोधता परतलेली आहे. ते तुम्हीही करा, भाड्याचे पैसे गेले तर जाऊ देत.

काय सांगायचं हाही प्रश्न असतो. 'सर्व्हे' हा शब्द तोंडातून काढू नका. सड्यांवर खाणी, प्रकल्प, भूसंपादन यांचं इतकं झालं आहे की वही घेऊन फिरणारा माणूस म्हणजे पुढे काहीतरी येणार असं लोकांना वाटतं, आणि त्यांना तसं का वाटू नये? 'फुलं बघायला आले' एवढं पुरतं. हसतील, मग स्वतःच एखाद्या झाडाचं नाव सांगतील. गुराख्यांना तर सगळं माहीत असतं.

सड्यावर: सुतळी टाकायची

आता मुख्य काम. चढल्यावर लगेच बसायची जागा शोधू नका. पाच-सात मिनिटं कडेकडेनं, उघड्या कातळावरून चाला. पातळ मातीच्या ओल्या थरावरून चालू नका. त्या थरातच सगळं आहे आणि बुटाचा ठसा पुढच्या पावसापर्यंत राहतो. हिरवट-काळं शेवाळ दिसलं की तिथे पाय घसरणार हे नक्की.

पाणी झिरपत असलेला उतार शोधा. डबकं नको, उघडा दगडही नको, या दोघांच्या मधली जागा. तिथे सुतळीचं वेटोळं चौकोनी करून टाका, चार कोपऱ्यांवर सुटे खडे ठेवा (वरून दिसणारे, उपटून काढलेले नव्हेत). झाला एक मीटर बाय एक मीटरचा बगीचा. त्याच्या बाहेर, दगडावर, गोणपाट घालून बसा. तासभर उठायचं नाही.

पहिली दहा मिनिटं कंटाळवाणी जातात. गवत, गवत, एक जांभळं फूल, गवत. पहिल्यांदा मी वहीत सात खुणा केल्या होत्या, सात वेगळी झाडं. उठले तेव्हा एकवीस होती. नावं चार-पाचांचीच येत होती. नावाची घाई करू नका, चित्र काढा: पान कसं, फूल कसं, उंची पेराएवढी की बोटाएवढी.

काय काय सापडेल? जांभळं, खाली सोंड आलेलं, नाजूक दांड्यावरचं फूल म्हणजे सीतेची आसवं. नाव करुण आहे, पण झाड शिकारी आहे. ओल्या मातीत त्याला टाचणीच्या टोकासारखे फुगे असतात. सूक्ष्म जीव फुग्याच्या दाराशी लागला की दार उघडतं, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि दार बंद. सगळा प्रकार साधारण एका मिलिसेकंदात, पापणी लवायला त्याच्या शंभरपट तरी वेळ लागतो. फुगे बघायला झाड उपटावं लागतं, म्हणून ते बघायचे नाहीत. नत्र मातीत मिळत नाही, तर ते मांसातून घ्यायचं, असा हिशेब.

त्याच ओलीत जमिनीला चिकटलेलं लाल चक्र दिसेल, रुपयाच्या नाण्याएवढं किंवा लहानच. भिंग लावा. प्रत्येक केसाच्या टोकावर चकचकीत थेंब. हा दवबिंदू, ड्रॉसेरा. ऊन वर आलं तरी हे दव उडत नाही, कारण तो डिंक असतो. नशीब असेल तर अडकलेली मुंगी किंवा चिलट दिसेल. दुसरी एक जात उभी, दोऱ्यासारख्या पानांची आणि गुलाबी फुलांची असते.

पांढरी गोल बटणं म्हणजे गेंद. दुरून एक फूल वाटतं, भिंगातून बघितलं तर ती कित्येक बारीक फुलांची टोपली आहे. गेंदाच्या जाती ओळखायला तज्ज्ञांनाही सूक्ष्मदर्शक लागतो, त्यामुळे फोटोवरून छातीठोक नाव सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

आणि जवळजवळ सगळेच जण ज्याच्यावर पाय देतात ते: एक हिरवं पान, त्यातून वर आलेली एक हिरवी काडी, बस्स. फूल नाही. हा ऑफिओग्लॉसम, सापाच्या जिभेसारखा दिसणारा नेचा. याच्या एका भावंडाच्या पेशीत बाराशेहून जास्त गुणसूत्रं मोजली आहेत, ज्ञात वनस्पतींत सर्वाधिक. माणसात ४६. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या काडीकडे नुसती बघत बसले होते.

एकदा तर मी फोटोत गुंतलेली असताना वासरानं सुतळीच चघळायला घेतली. तेव्हापासून मधूनमधून मागे बघते.

फोटो काढताना आडवं पडायचा मोह होतो. आधी कुठे पडतोय ते बघा. एका फुलाच्या फोटोसाठी पन्नास दवबिंदू चिरडलेले मी पाहिलेत. कंद काढून कुंडीत लावायचा विचारही नको. जमिनीतली ऑर्किडं मातीतल्या ठरावीक बुरशीच्या साथीनं जगतात, तुमच्या गॅलरीत ती बुरशी नसते. झाड एक पावसाळा तग धरतं आणि मरतं. जागा जाहीर करू नका ते याचसाठी. निरीक्षण नोंदवायचंच असेल तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर स्थान झाकून नोंदवा.

देवराईत

उरलेल्या वेळात, सड्याच्या पायथ्याशी राई असेल तर जा. आधी गुरव किंवा मानकरी गाठा. कुठे चपला बाहेर काढतात, कुठे ठरावीक दिवशी जायचं नसतं, काही ठिकाणी बायकांना आतल्या भागात जाऊ देत नाहीत. मला ते पटत नाही, तरी तिथे वाद घालायला मी गेलेली नसते; बाहेरच्या रांगेतली झाडं बघून परत येते. देवराईतून वाळकी काटकीसुद्धा आणायची नाही. ती राई आजवर टिकली आहे ती याच धाकानं.

आत वर बघत चाला. माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेलीवर हात-दीड हात लांबीच्या, तलवारीसारख्या शेंगा लोंबत असतील तर ती गारंबी. केशरी, छोट्या संत्र्यासारखी फळं म्हणजे काजरा, विषारी कुचला ज्यापासून होतो तो. हुंगायलाही हातात घेऊ नका. झुडपात लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुलं म्हणजे कळलावी. गणपतीच्या माटवीत, म्हणजे मूर्तीवरच्या लाकडी चौकटीत, कवंडळांशेजारी ती टांगतात म्हणून निर्धास्त राहू नका, तिच्या कंदात कोल्चिसिन हे जहाल विष असतं. बिब्ब्याच्या झाडाला तर टेकूही नये, चीक लागला की फोड येतात.

दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्ड्याच्या राईबद्दल सगळेच विचारतात. तिथे रानजायफळाच्या कुळातल्या मायरिस्टिकाची दलदल आहे, झाडांची मुळं श्वास घेण्यासाठी चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात आणि महाराष्ट्रात असं दृश्य क्वचितच बघायला मिळतं. पण तिथे एकट्यानं जाऊ नका. तिलारीच्या त्या पट्ट्यात रानटी हत्ती फिरतात. गावातला माहीतगार माणूस घ्या, त्याला दिवसाची मजुरी द्या, चिखलात उतरू नका. पायांना जळवा लागतील, मीठ किंवा तंबाखूची पुरचुंडी ठेवा.

पावसाळा हुकलाच तर डिसेंबरात वेंगुर्ल्याला या. मांडवी खाडीत बचतगटातल्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष झालेली पांढरी चिपी, तिची शंकूसारखी वर आलेली मुळं, हे सगळं बसल्या जागी. एकट्यानं पहिलीच खेप करायची धास्ती वाटत असेल तर तिथूनच सुरुवात केलेलीही चालेल.

खाली उतरल्यावर

तीन वाजता उतरा. ज्या घरी सांगून गेला होता तिथे परत आल्याचं सांगा, नाहीतर संध्याकाळी कुणीतरी बॅटरी घेऊन तुम्हाला शोधायला वर जाईल. चहा मिळेल, तो नाकारू नका. बुटांचे तळवे तिथेच धुवा. दुसऱ्या सड्यावर बिया घेऊन जायला नकोत. त्याच रात्री वहीतल्या चित्रांशेजारी तारीख, पावसाचा अंदाज आणि जागेची तुमच्यापुरती खूण लिहा. सकाळी आठवत नाही.

मग तीन आठवड्यांनी त्याच चौकोनावर परत जा. मी दर पावसाळ्यात तीन-चार वेळा एकाच जागी सुतळी टाकते. गेल्या सप्टेंबरात त्या आजींना मी भिंग दिलं आणि अंगणाच्या कडेच्या ओलीतलं दवबिंदूचं झाड दाखवलं. त्यांनी बराच वेळ एक डोळा मिटून पाहिलं.

"मेल्यान मुंगी खाल्ल्यान गो," म्हणाल्या, आणि भिंग परत न देता दुसऱ्या झाडाकडे वळल्या.